पाहुण्याचे मत

दिवाळीच्या फराळाबरोबर राजकारण वाढणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा वाचकांनी भिऊ नये. आज जे सांगणार आहे ते राजकारण असले तरी नळाचे पाणी, गल्लीतला दिवा आणि कोपऱ्यावरचा कचरा एवढ्यापुरतेच आहे.

८ जून २०२४ ची सकाळ. माझा एक जुना विद्यार्थी आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरी, नोकरीनिमित्त राहतो. त्याचा फोन आला. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "सर, काल मी मत दिलं."

"अरे, तिकडचं नागरिकत्व घेतलंस की काय?" मी जरा दचकूनच विचारले.

"नाही सर, पासपोर्ट आपलाच आहे. पण इथे स्थानिक निवडणुकीला नागरिकत्व विचारत नाहीत. तुम्ही इथे राहता ना? मग झालं! उभंसुद्धा राहता येतं."

मग त्याने सारा सोहळा वर्णन केला. उमेदवार दारी आले. याने त्यांना बसथांब्याबद्दल विचारले. मतपत्रिकेवर शिक्का नाही. अकरावीच्या प्रवेशअर्जात आपली मुले महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहितात ना, तसे नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. पोरगा मोठा खुशीत होता.

फोन ठेवता ठेवता त्याने एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला देता आले नाही. पण तो प्रश्न शेवटी सांगेन.

आमचे बाबा निवृत्त शिक्षक. आरामखुर्चीतून त्यांनी सारे ऐकले होते. ते म्हणाले, "हे काही मला पटत नाही. पाहुण्याने ओसरीवर बसावं, पानसुपारी घ्यावी. स्वयंपाकघरात डोकावू नये."

बाबांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर अलिकान्ते प्रांतात हाच वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. निवृत्तीनंतर ऊन खात बसावे म्हणून तिथे इंग्रज, जर्मन, डच मंडळी घरे घेऊन राहिली. सान फुल्हेन्सिओसारख्या गावात तर गावकऱ्यांपेक्षा परदेशीच जास्त झाले. युरोपातल्या देशांनी १९९२ साली मास्त्रिख्त येथे करार केला आणि युरोपीय संघातल्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला, तो राहत असेल त्या गावच्या निवडणुकीत मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क दिला. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडले. पण स्पेनशी निराळा करार करून तिथल्या इंग्रजांचे हे मत राखले गेले.

आता, ऊन खायला आलेले हे म्हातारे गावच्या भानगडीत पडले कशाला? व्हॅलेन्सिया प्रदेशात १९९४ साली जमिनीचा एक कायदा झाला होता. बांधकाम कंपनीने आराखडा मांडायचा, नगरपालिकेने तो मंजूर करायचा, की घरमालकाने जमिनीचा तुकडा सोडायचा आणि वर नव्या रस्त्यागटारांचा खर्चही भरायचा! जन्माची पुंजी घालून घेतलेली बाग अशी जाऊ लागली, तेव्हा ही मंडळी जागी झाली. गाऱ्हाणे युरोपच्या संसदेपर्यंत गेले आणि २००९ साली तिने या प्रकारावर कडक ठपका ठेवला. पण आराखडा मंजूर करणारे हात नगरपालिकेत बसलेले असतात, हे त्यांना त्या निमित्ताने कळले. म्हणून काहीजण थेट निवडणुकीलाच उभे राहिले.

गावकऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वीस वर्षे राहूनही ज्याला दुकानदाराशी चार वाक्ये स्पॅनिश बोलता येत नाहीत, त्याने आमच्या गावचा कारभार करावा काय? हा प्रश्न रास्त आहे. भाषेचा मास्तर म्हणून मी तर म्हणेन, मत मागण्याआधी भाषा शिकावी.

पण भाषा शिकून, कामाला लागून परका माणूस गावचा कसा होतो, याचा दाखला शोधायला मला स्पेनला जावे लागत नाही. वर्ध्याला जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या वादळातून फिरत फिरत १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. तो स्पॅनिश बोलणारा देश. तिथल्या १९१७ च्या राज्यघटनेतले तेहेतिसावे कलम परदेशी माणसाला देशाच्या राजकारणात पडायला साफ मनाई करते. खानखोज्यांनी चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवले, मक्यावर संशोधन केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने सरकारी इमारतीच्या भिंतीवर, भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या पंक्तीत, आपल्या या वैदर्भीय माणसाला बसवले आहे. हे खानखोजे १९६७ साली वारले ते आपल्या नागपुरातच. त्यांना स्वयंपाकघरात कोणी बोलावले नव्हते. ते पीठ मळायलाच बसले!

हे मी बाबांना सांगितले. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जो राबतो तो पाहुणा नव्हे."

मला वाटते, सारे सार एवढेच. देशाचे राजकारण निराळे. तिथे नागरिकत्वाची रेघ असावी. पण गावाचा कारभार हा शेजारधर्म आहे. गटार तुंबले की ते कोणाचा पासपोर्ट पाहून तुंबत नाही. आयर्लंडच्या पोर्टलीश गावी रोटिमी अदेबारी हे नायजेरियातून आश्रयाला आलेले गृहस्थ २००० साली पोचले आणि २००७ साली गावचे महापौर झाले. गाव काही बुडाले नाही.

आता तो राहिलेला प्रश्न. विद्यार्थ्याने विचारले होते, "सर, सध्या आपल्या प्रभागाचे नगरसेवक कोण?"

मी म्हटले, "सध्या कोणीच नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली, निवडणूक झालेलीच नाही."

"त्याआधी कोण होते?"

आणि मी निरुत्तर झालो. प्रभागातून एकदम चार नगरसेवक निवडले जातात; मला एकाचेही नाव आठवेना. आठवणार कसे? २०१७ च्या फेब्रुवारीत मतदान झाले त्या दिवशी, आयती सुटी मिळाली म्हणून, मी बायकामुलांना घेऊन रामटेकला गेलो होतो. बाबा तेवढे घरी राहिले होते, मत द्यायचे म्हणून. परत आलो तेव्हा त्यांनी बोटावरची शाई दाखवली होती आणि मी हसलो होतो.

तिकडे परमुलखातला पोरगा बसथांब्यासाठी उमेदवाराला हटकतो, आणि इकडे या शहरात जन्मलेला, याच पाण्यावर वाढलेला मी मात्र ओसरीवर पानसुपारी खात बसलेला पाहुणा!

१५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले. सकाळी लवकर बाबांचा हात धरून गेलो. चारही मते दिली. घरी येऊन चार नावे एका चिठ्ठीवर लिहिली आणि निकाल लागल्यावर निवडून आलेल्यांची नावे त्याखाली लिहिली. माझ्या चारांपैकी दोघे पडले. चिठ्ठी नळाच्या वर भिंतीला चिकटवून ठेवली आहे. पाणी आले नाही की कोणाकडे जायचे, ते आता आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.