भरपाई सातबाऱ्याची की घामाची?

साताऱ्यात वनकुसवडे, सांगलीत ढालगाव. पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्या आणि विजेचे मनोरे रानारानांत उभे राहिले. 2003 च्या वीज कायद्याने 1885 च्या तार कायद्याचे अधिकार वीज कंपनीला देता येतात. जमीन मालकाचीच राहते, कंपनीला केवळ वापराचा हक्क. केंद्राने 14 जून 2024 रोजी मनोऱ्याच्या जागेला जमीनमूल्याच्या 200 टक्के, तारांखालील पट्ट्याला 30 टक्के भरपाई सुचवली. पण यादी होते सातबारा पाहून! मग आम्ही विचारतो, खंडाने कसणाऱ्या किंवा वतनी जमिनीवर वारसनोंद न झालेल्या आमच्या बांधवांचे काय? कायदा तर हितसंबंध असलेल्या सर्वांना पूर्ण नुकसानभरपाई द्या म्हणतो. बांधवांनो, पंचनाम्यात आपले नाव आणि पीक लिहून घ्या. नाकारले, तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागा. गप्प बसू नका.