गोळीसारखाच व्यायामही लिहून द्या

पार्किन्सन्सचे निदान झाले की गोळ्या सुरू होतात आणि घरात सूचनाही: ‘बाबा, उठू नका, पडाल.’ काळजी खरी; पण बसून राहिल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

लेव्होडोपाने हालचालींतला मंदपणा आणि ताठरपणा कमी होतो. बिघडलेला तोल मात्र गोळीला फारशी दाद देत नाही. तिथे व्यायाम उपयोगी पडतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, असे २४ आठवडे ताई-ची करणाऱ्यांचा तोल ताकदीचे व्यायाम किंवा स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. स्ट्रेचिंगच्या गटापेक्षा ते पडलेही कमी.

प्रश्न फक्त पायांचा नाही. या आजारात चालणे आपोआप होत नाही, प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावे लागते. म्हणून चालता चालता कुणी बोलायला लावले की रुग्ण अडखळतो. ताल, पावलांचा क्रम आणि लक्ष यांची सांगड घालणारे व्यायाम त्यासाठीच हवेत. पुण्यात अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग झाले आहेत. विचारशक्तीलाही व्यायामाचा फायदा दिसतो. तोलाइतका भक्कम पुरावा मात्र अजून नाही.

‘जमेल तसे चाला’ हा उपचार नव्हे. निदान होताच रुग्णाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. व्यायामाचा प्रकार, वार आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी. आणि घरच्यांनी ‘उठू नका’ म्हणण्याऐवजी, गोळीचा असर असताना, शेजारी उभे राहून तो करून घ्यावा.