संमीलन ऊर्जा : दहापट लाभामागचे वीजबिल

फ्रान्समधील कादाराश येथे भारतासह सात भागीदारांच्या सहकार्याने उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाचे उद्दिष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगितले जाते : प्लाझ्माला ५० मेगावॉट उष्णता द्यायची आणि संमीलनातून ५०० मेगावॉट मिळवायची. दहापटीचा हा आकडा चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे. ते ५० मेगावॉट तयार करताना वीजजाळ्यातून किती वीज ओढली जाते, याचा त्यात उल्लेख नसतो.

हा प्रश्न २०२४ मध्ये अधिक टोकदार झाला. त्या वर्षी मांडलेल्या सुधारित आराखड्यात संशोधनाचा प्रारंभ २०३४ पर्यंत लांबला आणि आतील भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन वापरण्याचे ठरले. टंगस्टनचे अणू प्लाझ्मात मिसळले, की ते प्रारणाच्या रूपाने उष्णता बाहेर टाकतात. साहजिकच सूक्ष्मलहरींनी तापवण्याची क्षमता मूळ योजनेपेक्षा वाढवावी लागली.

या लहरी निर्माण करणारे उपकरण म्हणजे जायरोट्रॉन. अतिवाहक चुंबकाच्या प्रखर क्षेत्रात इलेक्ट्रॉनांचा झोत मळसूत्रासारखा फिरत जातो आणि आपली काही ऊर्जा १७० गिगाहर्ट्झच्या लहरींना देतो. एका नळीतून सुमारे १ मेगावॉट मिळतो. अडचण अशी, की साध्या रचनेत झोताची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जाच लहरींत उतरते. उरलेली संग्राहकावर आदळून उष्णता होते. म्हणजे १ मेगावॉट कामाचा, तर २ मेगावॉट थंडाव्याच्या पाण्यात!

यावरचा उपाय कल्पक आहे. संग्राहकावर असा विद्युतदाब ठेवायचा, की दमलेले इलेक्ट्रॉन आदळण्यापूर्वीच मंदावतील आणि त्यांची उरलेली ऊर्जा वीजपुरवठ्याकडे परतेल. जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये या मार्गाने कार्यक्षमता ५० टक्क्यांपर्यंत नेली. २००७ मध्ये त्यांनीच १७० गिगाहर्ट्झची नळी १ मेगावॉट शक्तीवर ८०० सेकंद चालवून ५५ टक्के गाठले. त्यासाठी नळी सुरू झाल्यानंतर तिला अशा अवस्थेत नेण्यात आले, जिथे ती आपोआप सुरूच होऊ शकली नसती.

आकडेमोड केली, की या टक्क्यांचे मोल कळते. सर्व ५० मेगावॉट अशा नळ्यांतूनच द्यायचे मानले, तर ३३ टक्के कार्यक्षमतेला १५० मेगावॉट वीज लागेल. ५० टक्क्यांना १००. आता ५०० मेगावॉट उष्णतेपासून नेहमीच्या औष्णिक केंद्राप्रमाणे एक तृतीयांश वीज केली, तर हाती येतात सुमारे १६७ मेगावॉट. पहिल्या हिशेबात जवळपास सारी मिळकत तापवण्यातच जाते, आणि चुंबक, शीतकरण व पंपांचा खर्च अजून धरलेलाच नाही. इटर वीज निर्माण करणार नाही, ही गोष्ट खरी. पण त्यानंतरच्या वीजकेंद्रांना या गणितातून सुटका नाही.

गळती नळीपाशी थांबत नाही. इटरच्या मूळ योजनेत २४ नळ्यांचे २४ मेगावॉट निघून प्लाझ्मापर्यंत २० पोहोचणार होते. लांबलचक लहरीवाहिका, वळणावरचे आरसे आणि झोताची अशुद्धता यांत सहावा हिस्सा वाटेतच खर्ची पडतो.

त्या २४ पैकी जपान व रशिया प्रत्येकी ८, युरोप ६ आणि भारत २ नळ्या देणार, असे वाटप होते. भारताची जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. संख्या लहान असली, तरी या नळ्या बनवू शकणारे देश जगात मोजकेच आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे.

युरोपच्या पुढील ‘डेमो’ केंद्रासाठी जर्मनीतील कार्ल्सरूह येथे ६० टक्क्यांपलीकडचे लक्ष्य ठेवून अनेक टप्प्यांच्या संग्राहकावर काम चालू आहे. वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या टप्प्यांवर झेलणे ही त्यातली कल्पना. परंतु जे चुंबकीय क्षेत्र नळीला चालवते, तेच या इलेक्ट्रॉनांना एकमेकांपासून सहजासहजी वेगळे होऊ देत नाही.