कंपनी बदलण्याआधी मीटर वाचा

मंगळवारची दुपार, तीन वाजलेले. घरूनच काम चालू होतं. टीमसमोर स्क्रीन शेअर करून मी बोलत होतो आणि अचानक वायफाय गेलं, फ्रीजची घरघर थांबली. लोडशेडिंगमध्ये लहानाचा मोठा झालेला माणूस पहिल्यांदा काय करतो? खिडकीतून शेजारी बघतो. शेजाऱ्यांकडे दिवे चालू होते. म्हणजे आमच्याच मीटरमधले पैसे संपले होते.

लेस्टरमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटला प्रीपेमेंट मीटर होता. इथे नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांना असं घर मिळतं. वीज कंपनीची एक प्लास्टिकची चावी असते. ती घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, दहा-वीस पौंड भरायचे आणि घरी येऊन चावी मीटरमध्ये खोचायची. पैसे संपले तर मीटर थोडी वीज उधार देतो, पण पुढच्या वेळी पैसे भरले की ते उधार आधी कापून घेतो. आमचं उधारही संपलं होतं.

त्या रात्री बायको म्हणाली, ‘‘अरे, इथे कंपनी बदलता येते ना? मग बदलून टाक की!’’ तिचं बरोबर होतं. आपल्याकडे मुंबईचा काही भाग सोडला तर घरगुती ग्राहकाला वीज कोणाकडून घ्यायची हे ठरवता येत नाही. इथे ते भाडेकरूलाही ठरवता येतं, फक्त बिल त्याने स्वतः भरलं पाहिजे. मी पेशाने इंजिनीअर, लगेच एक्सेल उघडलं.

हिशेब केला आणि उत्साह ओसरला. ऑफजेम ही इथली वीज-गॅसची नियामक संस्था. ती दर तीन महिन्यांनी दराची कमाल मर्यादा ठरवते. प्रीपेमेंटवाल्यांसाठी बहुतेक कंपन्यांचे दर या मर्यादेच्या आसपासच असतात. स्वस्त, ठरावीक मुदतीचे करार प्रामुख्याने दरमहा बँकेतून पैसे वळते करणाऱ्यांसाठी असतात. आमच्या वापराला कंपनी बदलून महिन्याला दोन पौंडही वाचत नव्हते.

मग पैसे एवढ्या लवकर संपतात कसे? याचं उत्तर मिळालं दुकानातल्या गुजराती काकांकडून. ते म्हणाले, ‘‘सगळे विचारतात कुठली कंपनी चांगली. मीटरचं बटण दाबून कोणी बघत नाही.’’ घरी येऊन बटण दाबत गेलो. शिल्लक, युनिटचा दर, रोजचा स्थिर आकार असं एकेक दिसत गेलं आणि शेवटी थकबाकीचा आकडा आला. ती आमची नव्हतीच. आधीच्या भाडेकरूची होती आणि दर आठवड्याला आमच्या पैशांतून वसूल होत होती. राहायला आल्या दिवशी कंपनीला फोन करून स्वतःच्या नावाने नवी चावी मागवायची असते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. भाडेकराराची प्रत पाठवली, चार वेळा फोन केले, तेव्हा तीन आठवड्यांनी कापलेले पैसे परत मिळाले.

हे न बघता कंपनी बदलली असती तर घोळ आणखी वाढला असता. प्रीपेमेंटवर पाचशे पौंडांपर्यंतची थकबाकी असली तरी कंपनी बदलता येते, पण ती थकबाकी नव्या कंपनीकडे तुमच्या मागे मागे येते.

स्थिर आकाराचंही असंच. वीज वापरा न वापरा, दिवसाला साधारण पन्नास-साठ पेन्स कापले जातात. महिनाभर गावी जाऊन आलात तर पंधरा-अठरा पौंड मीटर शांतपणे खाऊन बसलेला असतो. पूर्वी प्रीपेमेंटवाल्यांना हा आकार इतरांपेक्षा जास्त पडायचा. एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने ही तफावत काढली, हे चांगलंच झालं. पण स्वस्त करारांचं दार अजूनही त्यांच्यासाठी जेमतेम किलकिलंच आहे.

माझा आक्षेप इथेच आहे. त्या दारातून आत जायचं तर साधा मीटर हवा, आणि तो देताना कंपनी तुमची पत तपासते. नव्याने आलेल्या माणसाची या देशात पतच नसते. पगार चांगला, भारतात एकही हप्ता चुकवलेला नाही, पण इथल्या नोंदींमध्ये मी कोरा! मग पैसे आधी भरायची सक्ती ज्याने कधी बिल बुडवलं नाही त्यालाही, आणि ज्याच्या खिशात खरंच पैसे नाहीत त्यालाही. बिलवाला हप्ता चुकला तर पत्र येतं. चावीवाल्याचा थेट अंधार होतो, आणि तो बऱ्याचदा कोणाच्या नोंदीतही येत नाही.

महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरवरून वाद झाला आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. हा विषय पुन्हा निघालाच, तर मीटर स्मार्ट आहे का यापेक्षा पैसे संपल्यावर त्या घराचं काय होतं, हे आधी विचारा.

आम्ही तेव्हा कंपनी बदलली नाही. घरमालकाची लेखी परवानगी घेतली, वर्षभर पत जमू दिली आणि साधा मीटर बसवून घेतला. त्यानंतर कंपनी बदलली, तेव्हा मात्र खरंच पैसे वाचले. दर सप्टेंबरला आपली कितीतरी मुलं इकडे शिकायला येतात. त्यांना एवढंच सांगेन, बॅगा उघडण्याआधी मीटरचा फोटो काढा, बटण दाबून थकबाकी बघा आणि नवी चावी मागवा. कोणती कंपनी स्वस्त, हे त्यानंतर निवांत बघता येईल.