गोठ्याशेजारी माशांची खोली नको

घरातली एक खोली मोकळी आहे, तिथे शोभेच्या माशांच्या टाक्या मांडून जोडधंदा करावा का, अशी विचारणा अलीकडे बरेच वाचक करतात. करण्यास हरकत नाही. मात्र बहुतेकांची ती मोकळी खोली गोठ्याला लागून असते, आणि अडचण तिथेच आहे.

गोचिडांसाठी आपण सायपरमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन फवारतो. जनावराला ते प्रमाणात चालते, माशाला त्याचा अगदी थोडा अंशही मारक ठरतो. टाकीवर झाकण असले म्हणून भागत नाही, कारण हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीची बादली चुकूनही या खोलीत आणू नये, औषधाचे हात टाकीत घालू नयेत. डासांची उदबत्तीही नको. गोठ्याची भिंत सामाईक असेल तर दुसरी जागा पाहावी. शिरोळ, करवीर भागातल्या बंधूंनी २०१९ व २०२१ चे पुराचे पाणी घरात कुठवर आले होते तेही आठवावे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत भरून सुमारे ५० लिटर पाणी राहते. सहा फुटी लोखंडी अँगलच्या घोडीवर तीन कप्प्यांत अशा नऊ टाक्या बसतात. म्हणजे नुसते पाणीच साडेचार क्विंटल झाले, काच आणि लोखंड वेगळे. तेव्हा माडीवर नव्हे, खालच्या पक्क्या फरशीवरच घोडी उभी करावी व प्रत्येक टाकीखाली थर्माकोल घालावा.

नऊ टाक्यांना नऊ पंप घेण्याचे कारण नाही. एक चांगला हवेचा पंप, पीव्हीसी नळी, प्रत्येक टाकीला एक तोटी आणि एक स्पंजचा फिल्टर एवढे पुरते. पंप टाक्यांच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट उतरते. आपल्याकडची वीज पाहता बॅटरीची सोय हवीच. पाणी आणि वीज एकाच खोलीत आहेत, मुले आत-बाहेर करणार, म्हणून अर्थिंग आणि ईएलसीबी बसविल्याशिवाय बटण दाबू नये. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळ आत जात नाही.

टाकी भरली की लगेच मासे सोडण्याची घाई होते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. युरिया टाकल्यावर आपल्या रानात जे घडते त्याचाच हा भाग. पण स्पंजवर हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चार मासे, खाणे बेताचे. स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये, टाकीतल्याच पाण्यात पिळावा. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते, ते पाणी पिंपात हवा सोडून दिवसभर ठेवून मगच वापरावे. आठवड्याला पाव पाणी बदलले तर नऊ टाक्यांचे शंभर-सव्वाशे लिटर निघते. ते परसातल्या वांगी-मिरचीला घालावे, वाया घालवू नये.

सुरुवात गप्पी, मोली, प्लॅटीने करावी. ही पिल्ले घालणारी जात आहे. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी विते. माद्या स्वतःचीच पिल्ले खातात, म्हणून आडोशाला झाडोरा लागतो. नवे आणलेले मासे निदान पंधरा दिवस वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने हाताळावेत. उरलेले मासे पंचगंगेत किंवा रंकाळ्यात सोडणे पुण्याचे नाही, तिथल्या देशी माशांवर तो घाला आहे.

आता पैशाचे. गप्पीला भाव फारसा नाही. दुकानदाराला एका रंगाचे, एका मापाचे मासे दर महिन्याला हवे असतात. टाक्या घेण्याआधी शहरातल्या दोन-तीन दुकानांत जाऊन काय खपते ते विचारावे. कर्ज काढून पहिल्याच वर्षी वीस टाक्या मांडू नयेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपनाला ३ लाख रुपये खर्चमर्यादा धरून सर्वसाधारण गटास ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के अनुदान ठरविले होते. सध्या अर्ज घेतात का, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी, आणि मंजुरीचा कागद हाती येईपर्यंत काच कापायला सांगू नये.