डिकीतलं डबकं

धायरी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारला की मागून आवाज यायचा. डुबुक! सीटखाली पाण्याची बाटली गेली असणार, असं समजून मी आठवडाभर बाटली शोधत होते.

बाटली सापडली नाही. गिऱ्हाईक मात्र सापडलं. आमची जुनी हॅचबॅक विकायची होती, नव्या गाडीचं डाऊन पेमेंट त्यावरच होतं. गृहस्थ आले, इंजिन बघितलं, खूश झाले. मग डिकी उघडली, नाक आक्रसलं आणि विचारलं, ‘‘सिंहगड रोडची गाडी ना? पुरात होती का?’’

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत गाड्या बुडाल्या, तेव्हापासून आमच्या पत्त्यालाच ओल लागलीय. आमची गाडी तेव्हा चढावर कोरडी ठाक होती, पण कुबट वासापुढे कोण ऐकतो? सौदा तिथेच थांबला.

कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खड्ड्यात चक्क तळं! जॅकवर गंज. खड्ड्याच्या तळाचं रबरी बूच काढून पाणी सोडलं. (बूच परत लावा हं. नाहीतर तिथूनच धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येतो.) पहिला मोह काय, तर सिलिकॉनची ट्यूब आणून दिसेल तिथे फासायची. बाबा म्हणाले, ‘‘आधी चोर पकड, मग कुलूप लाव.’’

गोम अशी, की पाणी साचतं एकीकडे आणि शिरतं दुसरीकडेच. डिकीचं रबर, टेललॅम्प, छताचा सांधा, अँटेनाचं बूड, बंपरमागचे हवेचे झरोके, कुठूनही येऊन ते पत्र्याच्या कडेकडेने खाली उतरतं. रबराची परीक्षा सोपी. दहाची नोट अडकवून डिकी लावायची आणि नोट ओढायची. अलगद सुटली तर तिथे रबर बसत नाही. आमची नोट सगळीकडे घट्ट. रबर निर्दोष!

मग रविवारी डिकी कोरडी केली, आतली प्लास्टिकची पॅनल्स काढली, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. पार्सल ट्रे काढून मी टॉर्च घेऊन आत बसले आणि डिकी लावून घेतली. बाहेर बाबा, बादली आणि तांब्या. टँकरवर जगणाऱ्या आमच्या सोसायटीत पाइप लावणं म्हणजे गुन्हाच. पण तांब्याच बरा निघाला. पाणी खालून वर टाकत जायचं: आधी बंपर, मग दिवे, मग रबर, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबायचं. एकदम वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. आत मुलगी कोंडून म्हातारा गाडीला अंघोळ घालतोय, हे बघून वॉचमनकाका दोनदा येऊन गेले!

तिसऱ्या तांब्याला डाव्या टेललॅम्पखाली पावडरीवर एक काळी रेघ उमटली. मग थेंब. मी आतून किंचाळले, ‘‘बाबा, सापडला!’’

दिवा काढला. गेल्या वर्षी तिथे डेंटिंग झालं होतं. दिवा परत बसवताना जुनंच गॅस्केट लावलेलं, दबून चपटं झालेलं, एका कोपऱ्यात दुमडलेलं. नवं गॅस्केट दोघांच्या पिझ्झापेक्षा स्वस्त पडलं. जागा पुसून, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले. एकच नट जोरात पिळला तर प्लास्टिकला तडा जातो. तुम्हाला सिलिकॉन लावायचंच असेल, तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, ते पत्र्याला गंज चढवतं. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा.

कार्पेट आणि खालचा फोम गच्चीवर तीन दिवस उन्हात होता. वास तिथेच गेला. परत दोन बादल्या ओतून बघितल्या, पावडर जशीच्या तशी.

त्या गृहस्थांना फोन केलाय. शनिवारी येतायत. फक्त बाबा आता रोज संध्याकाळी डिकी उघडून बघतात आणि म्हणतात, ‘‘एवढी चांगली गाडी, विकायची कशाला?’’