स्वखर्चाने छापलेले

'स्वखर्चाने छापलेले' हे शब्द आपल्याकडे क्वचितच नुसते वर्णन म्हणून येतात. बहुतेक वेळा तो निकाल असतो, आणि तोही पुस्तक उघडण्यापूर्वी दिलेला. परीक्षणासाठी आलेल्या गठ्ठ्यात असे पुस्तक तळाशी जाते. अभ्यासमंडळांपर्यंत तर ते सहसा पोचतच नाही.

या निकालामागे एक गृहीतक आहे: प्रकाशकाने पारख केलेली असते. पण लेखकाकडूनच छपाईचा खर्च घेऊन, किंवा शे-दोनशे प्रती त्याच्या गळ्यात मारून पुस्तक काढणारे प्रकाशक आज थोडे नाहीत. (कवितासंग्रहांच्या बाबतीत तर हा जवळजवळ रिवाजच.) अशा वेळी पारख नेमकी कशाची झाली, हे विचारायला हवे.

आणि पारख झाली तरी ती वाङ्मयीनच असते असे नाही. 'शेतकऱ्याचा असूड' जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. त्याची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधू'त आली आणि पुढची थांबवली गेली. हे पत्र तर सत्यशोधकांचेच! पूर्ण ग्रंथ फुल्यांच्या हयातीत छापला गेला नाही. अरुण कोलटकरांचे उदाहरण अलीकडचे. त्यांची इंग्रजी 'जेजुरी' १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाऊस'ने काढली. ही संस्था चार कवींनी मिळून चालवलेली, आणि त्या चौघांत कोलटकर स्वतः होते. १९७७ मधला त्यांचा पहिला मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या 'प्रास'चा. २००३ ची 'भिजकी वही'ही 'प्रास'चीच, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला.

मात्र या दाखल्यांवरून आजच्या प्रत्येक स्वतंत्र लेखकाने स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. कोलटकरांच्या भोवती कठोरपणे वाचणारे मित्र होते. आज ई-पुस्तक किंवा मागणीनुसार छपाई यांमुळे प्रकाशकाला वगळता येते. त्याच्यासोबत संपादकही वगळला जातो, आणि त्याची किंमत कथात्म साहित्याला अधिक मोजावी लागते. दीडशे पानांची कादंबरी साडेतीनशे पानांत पसरते आणि एकाही पात्राला स्वतःची बोली मिळत नाही. कथेतर लेखनाचे तसे होत नाही, असे मला वाटते. गावाचा इतिहास, लुप्त होत चाललेला व्यवसाय, एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह अशा पुस्तकांत विस्कळीतपणा असला तरी माहितीचा ऐवज अस्सल असतो, आणि तो दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

म्हणून मराठी विभागांना एकच सुचवावेसे वाटते. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी त्याच त्या दहा कादंबऱ्या वाटण्याऐवजी, विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातले लेखकाने स्वतः काढलेले एक पुस्तक शोधून आणायला सांगावे. त्याने ते संपादकाच्या नजरेने वाचावे. काय कापायला हवे, काय राखायला हवे, हे पानांच्या क्रमांकांसह लिहावे, आणि त्याची एक प्रत लेखकाकडे पाठवावी.